सियाचीनचा जवान, अडथळ्यांची शर्यत: अविनाश साबळे

१९२४ साली क्रीडाविश्वात एक विलक्षण अदलाबदल झाली. वर्षाच्या आरंभी फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले आणि बर्फावरील क्रॉस-कंट्री, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून मैलोन्मैल घसरत आणि चढत जाण्याची शर्यत, तेथे रुजू झाली. नॉर्वेच्या थोरलीफ हाउगने १८ आणि ५० किलोमीटरच्या दोन्ही शर्यती जिंकल्या.

त्याच वर्षी उन्हाळ्यात पॅरिसजवळ कोलोंब येथे जमिनीवरची क्रॉस-कंट्री धाव झाली. उकाडा इतका भयंकर होता की ३८ धावपटूंपैकी १५ जणच शेवटापर्यंत पोहोचले. फिनलंडचा पावो नुर्मी जिंकला खरा, पण त्यानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली, ती आजतागायत परतलेली नाही.

भारतात मात्र माळरानावरून, चढउतारांवरून धावण्याची ही शर्यत लष्कराने जिवंत ठेवली. पलटणी-पलटणींमध्ये आजही तिची चुरस असते. बरोबर शंभर वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये एका अंतिम शर्यतीच्या आरंभरेषेवर मराठवाड्याचा एक जवान उभा होता. तो याच लष्करी क्रॉस-कंट्रीतून घडलेला होता. हा धागा त्याच्याविषयी, अविनाश साबळेविषयी.

मराठवाड्याच्या पश्चिम टोकाला बीड जिल्ह्यातील आष्टी तालुका आहे. बालाघाटाच्या रांगा या भागातून पुढे धाराशिवकडे, तुळजापूरकडे सरकतात. सगळा मुलूख पाण्यासाठी आसुसलेला. तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गात आदिलशाहीने बोरी नदी अडवून किल्ल्याच्या पोटातच बंधारा घातला आणि त्यात पाणीमहाल बांधला. पाणी हीच इथली खरी दौलत, हे त्या राज्यकर्त्यांनाही उमगले होते. आष्टीच्या वाट्याला असा बंधारा आला नाही. त्या तालुक्यातील मांडवा गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी एका शेतकरी कुटुंबात अविनाशचा जन्म झाला. शाळा सहा किलोमीटर दूर. तेथवर तो पायी जाई, बहुधा पळतच.

येथे एक लोकप्रिय समज तपासून पाहायला हवा. दुष्काळ आणि शाळेची लांब वाट यांनी धावपटू घडतो, असे वृत्तपत्रे आवडीने लिहितात. साताऱ्याच्या माणदेशातील मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत धावली, तेव्हाही हेच लिहिले गेले. परंतु शाळेसाठी मैलभर चालणारी मुले या पट्ट्यात हजारोंनी होती आणि आहेत. त्यांतून एक साबळे निघाला, याचे उत्तर दुष्काळ देऊ शकत नाही. गरिबीने त्याला धावपटू केले नाही. तिने त्याला लष्करभरतीच्या रांगेत नेले, एवढेच तिचे श्रेय.

बारावी झाल्यावर तो सैन्यात दाखल झाला. पलटण मिळाली ५ महार. पहिल्या महायुद्धात उभारलेली महार पलटण ब्रिटिशांनी पुढे मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि इतरांच्या सततच्या पाठपुराव्यानंतर १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. पुढे तिच्यात सर्व समाजांतील जवान येऊ लागले.

२०१३-१४ मध्ये ही नेमणूक त्याला सियाचीनला घेऊन गेली. १९८४ च्या ऑपरेशन मेघदूतपासून भारतीय जवान या हिमनदीवर पाय रोवून आहेत. हिवाळ्यात पारा शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत उतरतो आणि हवेत प्राणवायू इतका विरळ की बुटाची नाडी बांधतानाही धाप लागावी. त्यानंतर राजस्थानचे वाळवंट, मग सिक्कीम. विशीच्या आत-बाहेर असलेल्या या तरुणाने तोवर धावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेले नव्हते.

२०१५ च्या सुमारास तो लष्करांतर्गत क्रॉस-कंट्रीत उतरला. तेथेच लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या नजरेत तो भरला. मध्यंतरी दुखापत झाली, वजन बरेच वाढले, तेही त्याने नेटाने उतरवले. २०१७ मध्ये अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवले, आणि साबळेच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होय.

स्टीपलचेस म्हणजे काय? एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावाच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतली कुंपणे आणि ओढे ओलांडत घोडे पिटाळण्याची आयर्लंडमध्ये प्रथा होती. माणसांनी ती उचलली आणि मैदानात आणली. आज ही शर्यत ३००० मीटरची असते. पुरुषांसाठी ९१.४ सेंटिमीटर उंचीचे अडथळे २८ वेळा ओलांडायचे आणि शिवाय सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. साध्या अडथळा शर्यतीतला अडथळा पाय लागताच पडतो. हा मात्र जाड लाकडाचा, जागचा न हलणारा. आदळला तर धावपटूच पडतो. पाण्याचा खड्डा अडथळ्याच्या पायथ्याशी खोल असून पुढे उथळ होत जातो, म्हणून जो लांब उडी घेईल त्याचे पाय कमी भिजतात आणि कमी दमतात.

थोडक्यात, मैदानात कोंडलेली क्रॉस-कंट्रीच ही. लय सतत मोडते आणि सतत नव्याने जुळवावी लागते. खडबडीत जमिनीवर तयार झालेल्या पायांना हे काम परके नव्हते.

भारतात या प्रकाराचा राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता. १९८१ मध्ये टोकियोत त्यांनी नोंदवलेली ८ मिनिटे ३०.८८ सेकंद ही वेळ ३७ वर्षे कोणालाही गाठता आली नाही. घोट्याच्या दुखापतीमुळे २०१८ ची जकार्ता आशियाई स्पर्धा साबळेला हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ८:२९.८० अशी वेळ देत सैनी यांना मागे टाकले. दरम्यान राष्ट्रीय शिबिरातील परदेशी प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांची पद्धत त्याला मानवली नाही आणि तो पुन्हा अमरीश कुमार यांच्याकडे आला.

२०१९ ची दोहा जागतिक स्पर्धा ही त्याची पहिली मोठी कसोटी. प्राथमिक फेरीत इतरांच्या पडण्याझडण्यात तो दोनदा अडकला आणि पात्रता हुकली. भारतीय पथकाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि तो अंतिम फेरीत धावला. क्रमांक तेरावा, पण वेळ ८:२१.३७. तिनेच त्याला टोकियो ऑलिंपिकचे दार उघडून दिले. १९५२ मध्ये गुलजारासिंग मान यांच्यानंतर या शर्यतीत ऑलिंपिकला गेलेला तो पहिला भारतीय पुरुष. टोकियोत त्याने ८:१८.१२ ही वेळ दिली, पण अंतिम फेरी गाठता आली नाही.

येथवरची साबळेची कहाणी घड्याळाशी झगडणाऱ्याची आहे. पदकाची शर्यत निराळी असते, हे त्याला २०२२ च्या जुलैत अमेरिकेतील युजीन येथे कळले. जागतिक अंतिम फेरी मुद्दाम संथ धावली गेली आणि शेवटच्या फेरीच्या वेगात तो अकरावा आला. वेळ ८:३१.७५, म्हणजे स्वतःच्या तेव्हाच्या विक्रमापेक्षा एकोणीस सेकंदांनी मंद.

तीनच आठवड्यांनी बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा होती. १९६८ ते २०१६ या काळात केनिया ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये उतरला, तेथे स्टीपलचेसचे सुवर्ण केनियाकडेच गेले होते. राष्ट्रकुलात तर १९९८ पासून सहा स्पर्धांतील तिन्ही पदके केनियन धावपटूंनीच नेली होती. ६ ऑगस्ट २०२२ रोजी साबळे त्यांच्या घोळक्यात शेवटपर्यंत टिकून राहिला. अखेरच्या सरळ पट्ट्यात अब्राहम किबिवोट आणि तो असे दोघेच उरले. किबिवोट ८:११.१५, साबळे ८:११.२०. सेकंदाचा विसावा भाग, जमिनीवर मोजले तर जेमतेम हातभर अंतर. रौप्यपदक, आणि केनियाची अठ्ठावीस वर्षांतली पहिली अपूर्ण तिकडी. साबळेच्या साऱ्या कारकिर्दीत, सुवर्णपदके धरूनही, याहून मोठी धाव नाही.

पुढच्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. टीका झाली, आणि ती वावगीही नव्हती. १ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने वेगळाच डाव टाकला. कोणाची वाट न पाहता आघाडी घेतली आणि ८:१९.५० या स्पर्धाविक्रमी वेळेत एकट्याने सुवर्ण नेले. आशियाई स्टीपलचेसमध्ये सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष. ५००० मीटरमध्ये रौप्यही मिळवले.

जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. राष्ट्रीय विक्रम मोडण्याची ही त्याची दहावी खेप. सैनी यांच्या वेळेपासून सुमारे एकवीस सेकंद. साबळेच्या त्या दिवशीच्या वेगाने मोजले तर ते सव्वाशे मीटरहून अधिक होतात. महिनाभरानंतर ऑलिंपिकमध्ये तो या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. तेथे ८:१४.१८ आणि अकरावा क्रमांक. मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने ८:०६.०५ मध्ये सुवर्ण राखले. आठ सेकंदांचे ते अंतर आकड्यांत लहान भासते, पण त्या आठ सेकंदांत जगातील कितीतरी उत्तम धावपटू उभे असतात.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे आशियाई अजिंक्यपदाचे सुवर्ण त्याने ८:२०.९२ वेळेत जिंकले. या स्पर्धेत भारतीय पुरुषाला ते छत्तीस वर्षांनी मिळाले होते. जुलैमध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यावर तो कोसळला. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरात टोकियोला झालेली जागतिक स्पर्धा त्याच्याविना पार पडली.