उज्ज्वला योजनेचे मूल्यमापन

प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेने गरीब घरांतला स्वयंपाकाचा धूर किती हटला, सरपणाची वणवण किती थांबली आणि गॅसचा खर्च त्या घरांना किती झेपला, याची तपासणी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावे, अनामत न घेता गॅसजोडणी देणारी ही योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. आठ कोटी जोडण्यांचे लक्ष्य मार्च २०२० पर्यंतचे होते. ते मुदतीआधीच, ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील कार्यक्रमात गाठले गेले.

एवढ्या घरांत शेगडी पोहोचवणे हे मोठेच काम होते. मात्र जोडण्यांच्या आकड्यावरून चूल विझली की नाही ते कळत नाही. त्यासाठी टाकी किती वेळा भरून आणली, हे पाहावे लागते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालाने नेमके तेच पाहिले. डिसेंबर २०१८ अखेरच्या ३.१८ कोटी लाभार्थ्यांची सरासरी वर्षाला ३.२१ टाक्या भरली. चार-पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर साधारण आठ-दहा टाक्या लागतात. याच अहवालात वर्षाला बारांहून अधिक टाक्या उचलणारे सुमारे दोन लाख लाभार्थीही आढळले. गरीब घरात इतका गॅस जळणे अवघड, म्हणून तो दुसरीकडे वळवला जात असल्याची शंका अहवालात घेतली आहे. सरासरी काढताना अशा नोंदी वेगळ्या काढल्या नाहीत, तर खरा वापर आहे त्याहून जास्त दिसतो.

कर्नाटकातील कोप्पळ जिल्ह्यात विक्रीच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही उज्ज्वलाच्या ग्राहकांची खरेदी इतर ग्रामीण ग्राहकांच्या सुमारे निम्मीच निघाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे २०१५-१६ मधील ४३.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्क्यांवर गेली. ही वाढ खरी आहे. पण हे सर्वेक्षण घरातले मुख्य इंधन विचारते. चहा-भाजी गॅसवर, भाकरी चुलीवर आणि आंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलीवर, अशी घरे खेड्यापाड्यांत सर्रास आढळतात. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या-तुराट्या शेतातून फुकट मिळतात. टाकीला मात्र एकरकमी पैसे मोजावे लागतात आणि मजुरी रोजच्या रोज हातात येते. म्हणून कोणते इंधन, यासोबत कशासाठी आणि कोणत्या महिन्यात, हेही विचारले पाहिजे. आणि ते रांधणाऱ्या बाईला विचारावे; कुटुंबप्रमुखाच्या उत्तरावर भागवू नये.

आरोग्यावरील परिणाम ठरवणे सर्वांत कठीण. ओडिशात सुधारित चुलींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक वाटणी करून चाचणी घेतली, तेव्हा पहिल्या वर्षानंतर धुरातला फरक ओसरला. चुलींची डागडुजी होत नव्हती आणि वापरही कमी झाला होता. तमिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू व रवांडा येथे सुमारे ३,२०० गर्भवतींवर झालेल्या चाचणीत शेगडी आणि गॅस दोन्ही मोफत होते. धूर बराच घटला, तरी बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. त्यावरून गॅस निरुपयोगी ठरवणे चूक होईल, कारण गॅस गर्भ राहिल्यानंतर मिळू लागला होता, आणि डोळ्यांची जळजळ किंवा सरपणात जाणारा वेळ जन्मवजनात दिसत नाही.

योजनेत पुढे झालेले बदल पाहिले, तर वापराचा प्रश्न सरकारनेही मान्य केलेला दिसतो. सुरुवातीला शेगडी व पहिल्या टाकीचे कर्ज अनुदानातून वळते होई, म्हणजे ज्याला अनुदानाची सर्वाधिक गरज त्यालाच पूर्ण किंमत मोजावी लागे. मे २०२२ पासून टाकीमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये थेट साहाय्य मिळू लागले. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत आहेत. त्या योजनेचा कस चौथ्या टाकीवर लागेल : कुटुंबाने ती स्वतःच्या पैशांनी भरली, तर वापर वाढला, एकूण आकडा तीनवरच थांबला, तर घरचे पैसे वाचले, पण उरलेला स्वयंपाक चुलीवरच होतो आहे.