उघड्यावरचे तांबे : काळवंडलेली चकाकी परत कशी आणावी?

दारावरची नावाची पाटी, अंगणातला बंब, गच्चीवरचा दिवा, छपराची पन्हळ, देवळाचा कळस अशा अनेक ठिकाणी तांबे वर्षानुवर्षे ऊनपावसात उघडे असते. नवे असताना ते लालसर चमकते. काही आठवड्यांत त्याचा रंग तपकिरी होतो, पुढे ते काळपट आणि शेवटी हिरवट दिसू लागते. घरातला तांब्या चिंचेने घासला की लखलखतो, म्हणून बाहेरच्या तांब्यालाही तोच उपाय केला जातो. पण तेथे थर जाड असतो, वस्तूवर लॅकर किंवा मुलामा असू शकतो आणि काही वेळा तो थर काढणेच नुकसानीचे ठरते. त्यामुळे घासायला घेण्याआधी वर नेमके काय साचले आहे, हे ओळखावे लागते.

रंग का बदलतो?

हवेतल्या ऑक्सिजनमुळे तांब्यावर प्रथम क्युप्रस ऑक्साइडचा लालसर-तपकिरी पातळ थर येतो. हवेतील गंधकाच्या वायूंमुळे तो काळपट होतो. पुढे ओलावा आणि हवेतले इतर घटक मिळून हिरवा थर तयार होतो. शहरात तो बहुधा बेसिक कॉपर सल्फेटचा असतो, तर समुद्रकाठी खाऱ्या हवेमुळे त्यात क्लोराइडचे प्रमाण जास्त असते. छपरासारख्या पृष्ठभागावर पूर्ण हिरवा रंग यायला समुद्रकाठी साधारण ५ ते ७ वर्षे पुरतात. कोरड्या, स्वच्छ हवेत त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो.

लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. तांब्यावरचा हा थर मात्र घट्ट चिकटून राहतो आणि खालच्या धातूचे रक्षण करतो.

थर काढावा की ठेवावा?

न्यूयॉर्कमधला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा तांबूस होता. त्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर जाडीचा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिरवा पडला आणि १९०६ मध्ये त्याला रंग देण्याची चर्चा सुरू झाली. लोकांनी विरोध केला. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी थर तपासला, तेव्हा तो तांब्याला राखणारा असल्याचे दिसले. पुतळ्याला बाहेरून रंग लावला गेला नाही आणि तो हिरवा थर आजही तसाच आहे.

दर वेळी चमक आणताना तांब्याचा अगदी थोडा अंश थराबरोबर निघून जातो. एका वेळी हे जाणवत नाही; पण पातळ पत्रा, बारीक नक्षी किंवा कोरलेली अक्षरे वारंवार घासली तर झिजतात. छप्पर, पन्हळ आणि जुने पुतळे यांवरचा एकसारखा, घट्ट हिरवा थर म्हणूनच तसाच ठेवावा. पाटी, दिवा, कडी अशा हाताळणीतल्या वस्तू चमकवायला हरकत नाही. कळसांबाबत विशेष काळजी हवी. अनेक कळसांवर तांब्यावर सोन्याचा मुलामा असतो आणि घासल्यास तो कायमचा जातो. पोपटी, भुकटीसारखा थर सुटत असेल आणि खाली खड्डे दिसत असतील, तर धातू आतून खाल्ला जात आहे असे समजावे. अशी मौल्यवान किंवा जुनी वस्तू तज्ज्ञाला दाखवावी.

लॅकर आहे का?

विकत घेतलेल्या पाट्या आणि दिव्यांवर बहुधा पारदर्शक लॅकर असते. काही भाग चकचकीत आणि मध्येच काळे डाग किंवा जाळीदार रेघा दिसल्या, तर लॅकर फुटून हवा आत शिरली आहे. अशा वेळी वरून लिंबू चोळून उपयोग होत नाही. न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर लॅकर आहे, आणि ते ॲसिटोनने पूर्ण काढल्यावरच पुढचे काम करावे. ॲसिटोन झटकन पेट घेते, म्हणून हे काम मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर करावे.

साफ करण्याची पद्धत

१. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड वापरून धूळ काढावी. वाळूचे कण राहिले तर नंतर तेच ओरखडे पाडतात.

२. चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस, थोडे मीठ आणि चमचाभर पीठ एकत्र करावे. उभ्या पृष्ठभागावरून आंबट रस ओघळून जातो. पिठामुळे तो चिकटून राहतो. आंबटामुळे ऑक्साइडचा थर विरघळतो आणि मिठामुळे ही क्रिया वेगाने होते.

३. आधी कोपऱ्यावर लावून पाहावे. नंतर सावलीत पाच मिनिटे ठेवून मऊ कापडाने हलकेच चोळावे. लेप वाळू देऊ नये. जाड थरासाठी जोर लावण्यापेक्षा लेप पुन्हा लावावा.

४. भरपूर पाण्याने धुवावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने पुसून परत धुवावे. मीठ मागे राहिले, तर काही दिवसांतच हिरवे ठिपके उठतात.

५. लगेच कोरडे करावे. आंबटाने साफ केलेले तांबे गुलाबी आणि थोडे निस्तेज दिसते. खरी चमक खडूच्या बारीक पुडीने किंवा धातूच्या पॉलिशने एकाच दिशेने पुसल्यावर येते.

पुण्याच्या तांबट आळीत होणाऱ्या मठारकामाच्या वस्तूंवर ठोक्यांच्या लहान खळग्या असतात. त्यांत मऊ ब्रश वापरावा.

काय टाळावे?

तारेच्या घासणीचे लोखंडी कण तांब्यात रुततात आणि गंजतात. संडास साफ करण्याचे ॲसिड धातूच खाते. अमोनियायुक्त द्रवांनी तांबे विरघळते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. धुतलेले पाणी माशांच्या कुंडीत किंवा तळ्यात जाऊ देऊ नये, कारण विरघळलेले तांबे जलचरांना घातक असते. ते जस्ताच्या पत्र्यावरही सांडू नये. त्याने पत्रा लवकर गंजतो.

चमक टिकवण्यासाठी

उघडे ठेवलेले तांबे काही आठवड्यांत पुन्हा काळवंडते. मेण लावल्यास ओलावा काही महिने दूर राहतो. ते लावायला आणि काढायला सोपे असते, मात्र पुन्हापुन्हा लावावे लागते. लॅकर काही वर्षे टिकते, पण एकदा फुटले की सगळे काढून नव्याने द्यावे लागते. तांब्यासाठी बनवलेल्या काही लॅकरमध्ये बेंझोट्रायाझोल हा गंजरोधक घटक असतो. लॅकर देण्याआधी तांबे पूर्ण कोरडे असावे आणि हातमोजे घालावेत. बोटांचे ठसे लॅकरखाली काळे पडतात.

विस्तवावरच्या बंबाला आणि पाण्याच्या भांड्यांना आतून लॅकर देऊ नये. वीजरोधकाच्या तांब्याच्या पट्टीला घरच्या घरी हात लावू नये. उंचावरचे छप्पर, पन्हळ किंवा कळस असेल, तर ते काम पडण्याचा धोका सांभाळून उंचीवर काम करणाऱ्यांकडूनच करून घ्यावे.