पत्रांची थैली आणि अध्यक्षाची खुर्ची

१५ ऑक्टोबर १९३२. अजून पुरतं उजाडलेलं नाही आणि तुम्ही कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावर उभे आहात. विमानतळ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं इथे काहीच नाही. रांगा नाहीत, काचा नाहीत, घोषणा नाहीत. उघडं मैदान, समुद्राकडून येणारा दमट वारा, आणि समोर पस मॉथ जातीचं एका इंजिनाचं विमान. सिंध अजून मुंबई इलाख्यातच आहे. म्हणजे एकाच इलाख्यातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदराला हे विमान जायचं आहे.

इंपीरियल एअरवेजच्या विमानाने लंडनची टपाल कराचीपर्यंत आणली आहे. पुढे मुंबई आणि मद्रासला ती आजवर आगगाडीने जायची. आज त्यातली सुमारे २५ किलो पत्रं या पस मॉथमध्ये चढत आहेत. थैल्या नीट बसल्या आहेत ना, हे अठ्ठावीस वर्षांचा एक सडपातळ तरुण वाकून पाहतो आहे. डोळ्यांवर चढवायचा गॉगल आणि गणितासाठी एक स्लाइड रूल, एवढंच त्याचं सामान. नाव जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी. पॅरिसमध्ये जन्मलेला, फ्रेंच आईचा मुलगा. भारतात दिलेल्या वैमानिक परवान्यांतला पहिल्या क्रमांकाचा परवाना त्याच्याकडे आहे, तारीख १० फेब्रुवारी १९२९.

तुम्ही आत शिरून थैल्यांच्या शेजारी बसा. काळात मागे आलेल्या माणसाला वजन नसतं, म्हणून जागा मिळते. खऱ्या प्रवाशाला मिळाली नसती. पेट्रोल किती, टपाल किती, वारा कुठून, याचा मेळ त्याने आधीच घातला आहे.

सहा वाजून पस्तीस मिनिटांनी चाकं जमीन सोडतात.

पहिला तासभर मजेत जातो. सिंधूच्या मुखाकडचे पाण्याचे फाटे उजेडात चमकतात, मग कच्छचं रण लागतं आणि खाली ओळखीची एकही खूण उरत नाही. आता तुमच्या लक्षात येतं की या विमानात रेडिओ नाही. वाट चुकली तर सांगणारं कोणी नाही. होकायंत्र, नकाशा, घड्याळ आणि समोरच्या माणसाचे डोळे, यांवरच सगळा भरवसा. ऊन चढतं तशी हवा उसळू लागते. विमान एकदम खाली बसतं, पुन्हा वर फेकलं जातं. तुम्ही कडेची नळी घट्ट धरता. तो मात्र घड्याळाकडे बघतो, नकाशाकडे बघतो, नाक जरासं वळवतो.

अहमदाबादला उतरलात की मैदानाच्या कडेला एक बैलगाडी उभी दिसेल. बर्मा शेल कंपनीचे पेट्रोलचे डबे तिच्यातून आले आहेत. या नव्या हवाई टपालाला इंधन बैलांनी आणून दिलं, आणि डबे हाताने रिकामे केले गेले. मला हे दृश्य फार मोलाचं वाटतं. या देशात नवं काही उभं राहिलं ते हाताशी जे होतं त्याच्याच आधाराने.

डहाणू, वसईची खाडी, आणि मग जुहू. दुपारचे एक वाजून पन्नास मिनिटं. नेव्हिल विन्सेंट वाट पाहत उभा आहे. हा माणूस नीट बघून घ्या, कारण त्याच्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडून तो विमान घेऊन भारतात आला, आणि टपालाच्या या सेवेची कल्पना त्यानेच टाटांपुढे मांडली. समूहाचे तेव्हाचे प्रमुख सर दोराबजी टाटा सहजी तयार होईनात. टाटांकडचेच एक वरिष्ठ, जॉन पीटरसन, यांनी रदबदली केली तेव्हा कुठे दोन लाख रुपये सुटले. सरकारने अनुदान नाकारलं होतं. आता विन्सेंट थैल्या दुसऱ्या पस मॉथमध्ये घेतो आणि बळ्ळारीकडे निघतो. रात्री तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी मद्रास.

तुम्ही जुहूलाच थांबा, पाऊस येईपर्यंत. १९३३चा जून आला की कळेल, हा तळ म्हणजे समुद्राशेजारचं चिखलाचं मैदान आहे. झावळ्यांनी शाकारलेली एक शेड, हेच कार्यालय आणि हेच सगळं. भरतीला पाणी मैदानावर चढतं. मग कंपनी बिऱ्हाड हलवते आणि घाट चढून पुण्याला येते. दोन विमानं, मोजके वैमानिक आणि मेकॅनिक, एवढा तिचा संसार. येरवड्याच्या तुरुंगाजवळचं एक मैदान त्यांना वापरायला मिळालं आहे. गेल्याच वर्षी त्या भिंतींच्या आत पुणे करार झाला. आता त्यांच्या बाहेर पावसाळी ढगांत फट सापडते का, हे बघत एक वैमानिक उभा आहे. ढग फाटले नाहीत तरी टपाल जायलाच हवी.

इथे जरा रेंगाळा. जेआरडींच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचा पाया या चिखलात आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढे ते अध्यक्ष झाले, त्यांच्या सहीने कोट्यवधींची विमानं आली; पण कंपनी चालवण्याची त्यांची रीत वैमानिकाचीच राहिली. वेळ मिनिटात मोजायची. वजन स्वतः पाहायचं. जे डोळ्यांनी तपासलं नाही ते ठीक आहे असं धरून चालायचं नाही.

आणि विमानात बसणारा दुसरा माणूसही आपलाच, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्यासाठी १९३०च्या मे महिन्यात जा, इजिप्तमध्ये अबुकीरला. आगा खानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामधल्या एकट्याच्या उड्डाणाला पाचशे पौंडांचं बक्षीस लावलं आहे. जेआरडी कराचीहून निघाले आहेत. उलट्या दिशेने आलेला सतरा वर्षांचा अ‍ॅस्पी इंजिनिअर इथे अडकून पडला आहे, कारण त्याच्याकडे जादा स्पार्क प्लग नाहीत. जेआरडी आपल्याकडचे देतात. तो आधी पोचतो आणि बक्षीस त्याला मिळतं. हाच अ‍ॅस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता मोठी उडी घ्या. १९३८ मध्ये चौतिसाव्या वर्षी जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये विन्सेंट युद्धकाळात विमानासह नाहीसा झाला. टपालाच्या त्या सेवेतून वाढलेल्या टाटा एअरलाइन्सची १९४६ मध्ये एअर इंडिया झाली. तुम्ही उतरा ते ८ जून १९४८ला. मुंबईहून ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन निघतं आहे, कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला. चार इंजिनं, पस्तीस प्रवासी, चालक कॅप्टन गझदर. जेआरडी या वेळी प्रवाशांत बसले आहेत. विमानाच्या दोन्ही बाजूंना तिरंगा रंगवलेला आहे. देशाला स्वातंत्र्य मिळून वर्षही झालेलं नाही. कैरोच्या तळावर तो झेंडा परक्या विमानांच्या रांगेत दिसतो, तेव्हा तुम्हीही जेआरडींच्या शेजारी उभे राहा आणि मनसोक्त बघून घ्या.

पुढच्या वर्षांत केव्हाही त्यांच्या शेजारची खुर्ची पकडा. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींचा त्याला विरोध होता, तरी एअर-इंडिया इंटरनॅशनलचं अध्यक्षपद त्यांनी घेतलं, तेही बिनपगारी. प्रवासात ते झोपत नाहीत. टिपणं करत असतात. जिनिव्हाहून चढवलेला चहा रंगाने कॉफीपासून वेगळा ओळखता येत नाही, अशी त्यांची एक नोंद प्रसिद्ध आहे. देशातल्या सगळ्यांत मोठ्या उद्योगसमूहाचा प्रमुख चहाच्या रंगावर लिहितो, याचं तुम्हाला नवल वाटेल. मला वाटत नाही. ज्याने थैल्या नीट बसल्या का हे वाकून पाहिलं, तो कपात काय ओतलं जातं हेही पाहणारच. याच काळजीवर १९६०चं पहिलं बोइंग ७०७ आलं, आणि १९६२ मध्ये एअर-इंडियाच्या ताफ्यात फक्त जेट विमानं उरली. जगात असं करणारी ती पहिली कंपनी.

त्याच १९६२च्या १५ ऑक्टोबरला ते अठ्ठावन्नाव्या वर्षी एका जुन्या लेपर्ड मॉथमधून पुन्हा कराचीहून मुंबईला आले. आणि १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा एकदा, एकटे. जुहूच्या गर्दीत तुम्हीही उभे राहून टाळ्या वाजवा. तिथे जमलेल्या तरुणांना त्या दिवशी दिसलं की हा माणूस विमान कंपनीबद्दल ज्या अधिकाराने बोलत होता तो कुठून आला.

एक थांबा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. फेब्रुवारी १९७८. महिन्यापूर्वी, १ जानेवारीला, ‘एम्परर अशोक’ हे एअर-इंडियाचं जम्बो जेट वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं आणि आतले सगळे २१३ जण गेले. जेआरडींच्या घरी त्या दुःखाची सावली अजून आहे. अशात एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून त्यांना कळतं की एअर-इंडियाचे नवे अध्यक्ष आता लाल आहेत. ज्याने ही कंपनी जन्माला घातली आणि पंचवीस वर्षं एक पैसा न घेता सरकारसाठी चालवली, त्याला सरकारने आधी विचारलं नाही, सांगितलंही नाही. पंतप्रधान मोरारजी देसाई एके काळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते; जुहूचा तळ आणि टाटांचं काम त्यांना माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही.

अध्यक्ष बदलण्याचा अधिकार सरकारला होता, हे मान्य. पण ज्या रीतीने तो वापरला गेला ती अन्यायाची होती, आणि त्यात नुकसान एका माणसाचं कमी, कंपनीचं जास्त झालं. चहाच्या रंगावर लिहिणारं माणूस गेलं, की पुढे कोणी काय तपासतं यावर सगळं अवलंबून राहतं. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी जेआरडींना संचालक मंडळावर परत घेतलं. अध्यक्षपद त्यांना पुन्हा कधीच मिळालं नाही.