प्रदीपन अभियांत्रिकी : प्रकाशाचे स्वरूप व मापन यांचा इतिहास

मानवी व्यवहारांसाठी पुरेसा प्रकाश योग्य ठिकाणी, डोळ्यांना त्रास न होईल अशा रीतीने व वाजवी खर्चात उपलब्ध करून देण्याच्या शास्त्राला प्रदीपन अभियांत्रिकी म्हणतात. प्रकाश म्हणजे काय हा भौतिकीतील प्रश्न आणि प्रकाश किती आहे हा व्यवहारातील प्रश्न यांचा इतिहास सामान्यतः स्वतंत्रपणे सांगितला जातो. प्रत्यक्षात हे दोन्ही प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. दिव्यांच्या मापनासाठी विश्वसनीय प्रमाण शोधण्याचे काम जेथे चालू होते, तेथेच पुंज सिद्धांताला आधारभूत ठरलेली मापने झाली. आणि त्या कामासाठी तयार केलेल्या साधनाच्याच तत्त्वावर पुढे प्रदीपनाचे आंतरराष्ट्रीय एकक आधारण्यात आले.

प्रकाशाच्या स्वरूपासंबंधीच्या कल्पना : प्रकाशाचा वेग प्रचंड असला, तरी अनंत नाही, हे ऑलाउस रमर यांनी गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांच्या वेळांवरून १६७६ मध्ये दाखविले. क्रिस्तीआन हायगेन्झ यांनी १६९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रकाश तरंगरूप असल्याचे प्रतिपादन केले, तर आयझाक न्यूटन यांचा कल १७०४ मधील आपल्या ग्रंथात प्रकाश सूक्ष्म कणांचा बनलेला आहे असे मानण्याकडे होता. न्यूटन यांच्या अधिकारामुळे सु. शंभर वर्षे कणवादाचा प्रभाव राहिला. टॉमस यंग यांनी १८०१ पासून व्यतिकरणाच्या आधारे तरंग सिद्धांताचे पुनरुज्जीवन केले आणि ऑग्युस्तीन फ्रेनेल यांनी १८१८ मध्ये विवर्तनाचे गणिती विवरण देऊन त्याला बळकटी आणली. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा कमी असतो, हे लेआँ फूको यांनी १८५० मध्ये प्रयोगाने दाखविले. कणवादानुसार तो अधिक असावयास हवा होता. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रकाश हे विद्युत् चुंबकीय तरंग आहेत असे मांडले. अशा तरंगांचे अस्तित्व हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी १८८७-८८ मध्ये प्रयोगांनी सिद्ध केले. या तरंगांच्या विस्तृत पट्ट्यापैकी सु. ३८० ते ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अरुंद भागच डोळ्यांना जाणवतो.

प्रकाशमापनाचा आरंभ : प्रकाशाची मोजणी करण्यातील मुख्य अडचण अशी की, डोळ्याला तेजाचे निरपेक्ष मूल्य ठरविता येत नाही. मंद व प्रखर उजेडाशी तो सहज जुळवून घेतो. मात्र शेजारी ठेवलेले दोन पृष्ठभाग सारखेच उजळलेले आहेत की नाहीत, हे तो बऱ्याच अचूकपणे सांगू शकतो. प्येअर बूगेअर यांनी १७२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या गुणाचा उपयोग केला. मेणबत्तीशी तुलना करून त्यांनी सूर्यप्रकाश पौर्णिमेच्या चांदण्याच्या सु. तीन लक्ष पट असल्याचे काढले. आधुनिक मूल्य सु. चार लक्ष पट आहे. योहान हाइन्रिख लँबर्ट यांनी १७६० मध्ये या विषयाची गणिती मांडणी केली आणि काउंट रम्फर्ड यांनी १७९४ मध्ये सावल्यांच्या तुलनेवर आधारलेला प्रकाशमापक वर्णन केला.

वायूचे दिवे व प्रमाण मेणबत्ती : विल्यम मर्डॉक यांनी १७९२ मध्ये दगडी कोळशाच्या वायूचा दिव्यासाठी उपयोग केला. १८०७ मध्ये लंडनच्या पॅल मॅल रस्त्यावर असे दिवे लावून दाखविण्यात आले व १८१२ मध्ये तेथे वायू पुरविणारी सनदी कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे १८६५ मध्ये आले. प्रकाश ही आता विकत मिळणारी वस्तू झाली आणि तिच्या मापाचा प्रश्न कायद्याचा झाला. कारण नळातून येणाऱ्या वायूचे आकारमान मोजता आले, तरी त्याच्या ज्योतीचा उजेड पुरेसा आहे की नाही, हे ग्राहकाला त्यावरून कळत नसे. ब्रिटनमध्ये १८६० च्या कायद्याने व्हेलच्या डोक्यातील मेणासारख्या पदार्थाची, एका पौंडात सहा बसणारी व ताशी १२० ग्रेन (सु. ७.८ ग्रॅम) जळणारी मेणबत्ती प्रमाण ठरविण्यात आली. फ्रान्समध्ये कार्सेल तेलदिवा, तर जर्मनीत १८८४ मध्ये फोन हेफ्नर-आल्टेनेक यांनी सुचविलेला, ४० मिमी. उंचीच्या ज्योतीचा अमिल ॲसिटेट दिवा वापरात आला. वात, इंधनाची शुद्धता, हवेतील बाष्प आणि वायुभार यांनुसार ज्योतीचे तेज बदलत असल्याने यांपैकी कोणतेही प्रमाण पूर्णपणे भरवशाचे नव्हते.

दिव्याच्या प्रमाणापासून पुंज सिद्धांताकडे : १८७९ मध्ये जोझेफ स्वॉन व टॉमस एडिसन यांचे कार्बनी तंतूचे विजेचे दिवे पुढे आले आणि वायू व वीज यांच्या स्पर्धेत निष्पक्ष मापनाची निकड वाढली. बर्लिननजीकच्या शार्लोटेनबुर्ख येथे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन राज्य भौतिकी-तांत्रिक संस्थेने हे काम हाती घेतले. ओटो लुमर व ओयगेन ब्रोटहून यांनी १८८९ मध्ये सुधारित प्रकाशमापक तयार केला. ज्याचे प्रारण केवळ तापमानावर अवलंबून असते, अशा कृष्ण पदार्थाचा प्रमाण म्हणून उपयोग करता येईल, या दिशेनेही तेथे संशोधन झाले. बारीक छिद्र असलेली तापविलेली पोकळी हे अशा पदार्थाचे जवळजवळ आदर्श रूप ठरले. या पोकळीतून येणाऱ्या दीर्घ तरंगलांबीच्या प्रारणाची मापने हाइन्रिख रूबेन्स व फेर्डिनांट कुर्लबाउम यांनी १९०० मध्ये केली. ती व्हिल्हेल्म व्हीन यांच्या नियमाशी जुळेनात. ही विसंगती दूर करणारे सूत्र माक्स प्लांक यांनी ऑक्टोबर १९०० मध्ये मांडले व डिसेंबरमध्ये त्याची उपपत्ती देताना ऊर्जेचे ठराविक अंश गृहीत धरले. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये प्रकाशच पुंजांच्या स्वरूपात वावरतो असे सुचविले. ए. एच्. कॉम्पटन यांच्या क्ष-किरणांवरील १९२३ मधील कार्याने या कल्पनेला पुष्टी मिळाली. अशा रीतीने प्रकाशाला तरंग व कण ही दोन्ही अंगे आहेत, हे मान्य झाले.

डोळा व एकके : ऊर्जेचे मापन कितीही अचूक झाले, तरी तेवढ्याने प्रकाशमापन पूर्ण होत नाही. सारख्याच ऊर्जेचे हिरवे व तांबडे किरण डोळ्याला सारखे तेजस्वी वाटत नाहीत. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९२४ मध्ये अनेक निरीक्षकांवरील प्रयोगांच्या आधारे सरासरी डोळ्याची संवेदनशीलता निश्चित केली. ती ५५५ नॅनोमीटर या पिवळसर हिरव्या प्रकाशास सर्वाधिक असते. तेथे एका वॉटपासून ६८३ ल्यूमेन मिळतात, तर ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशात सु. ७३ ल्यूमेनच मिळतात.

१९४८ मध्ये प्लॅटिनमाच्या गोठणबिंदूस असलेल्या कृष्ण पदार्थावरून कँडेला हे एकक ठरविण्यात आले. १९७९ मध्ये त्याऐवजी ५४० × १०<sup>१२</sup> हर्ट्‌झ कंप्रतेच्या प्रारणावर आधारलेली व्याख्या स्वीकारण्यात आली आणि २०१९ मध्ये तिची शब्दरचना ६८३ ल्यूमेन प्रतिवॉट या स्थिरांकाच्या आधारे करण्यात आली. एखाद्या दिशेतील दिव्याची प्रदीपन शक्ती कँडेलात, त्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये आणि पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्समध्ये (प्रती चौ. मी. ल्यूमेन) मोजतात.

आयोजनाची मूलतत्त्वे : लहान दिव्यापासून मिळणारे प्रदीपन अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. १०० कँडेलांच्या दिव्यामुळे त्याच्यासमोर १ मी. अंतरावर १०० लक्स, तर २ मी. अंतरावर २५ लक्स प्रदीपन मिळते. पृष्ठभाग कलता असल्यास ते कोनाच्या कोज्येच्या प्रमाणात घटते. किरण लंबाशी ६०° कोन करीत असतील, तर ते निम्मे होते.

खोलीचे आयोजन करताना भिंती व छतामधून होणारे परावर्तन आणि दिव्यांवर साचणारी धूळ यांचाही विचार करावा लागतो. उदा., ६ मी. × ५ मी. खोलीत ३०० लक्स हवे असून दिव्यांचा निम्माच प्रकाश मेजांच्या पातळीवर पोहोचत असेल आणि धूळ व जुनेपणा यांमुळे त्याचा ०.८ भाग टिकत असेल, तर एकूण (३०० × ३०) ÷ (०.५ × ०.८) = २२,५०० ल्यूमेन लागतात. भिंतींना फिकट रंग दिल्यास हीच गरज कमी होते. केवळ प्रदीपन वाढविणे मात्र पुरेसे नसते. उघडा प्रखर दिवा दृष्टीच्या टप्प्यात आल्यास डोळे दिपतात व अधिक प्रकाश असूनही कमी दिसते. म्हणून दिव्यांना आडोसा देणे, प्रकाश विखुरणे व कामाची जागा आणि भोवताल यांच्या तेजांत फार तफावत न ठेवणे आवश्यक असते.

दिव्यांची कार्यक्षमता : टंगस्टन तंतूच्या घरगुती दिव्यापासून प्रतिवॉट सु. १२ ल्यूमेन मिळतात. कारण त्याची बहुतेक ऊर्जा अवरक्त प्रारणात जाते. १९३८ मध्ये बाजारात आलेल्या नळीदिव्यांनी (ट्यूबलाइट) याच्या कित्येक पट कार्यक्षमता गाठली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेजस्वी निळे प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) तयार झाल्यावर पांढऱ्या प्रकाशाचे दिवे शक्य झाले. या कार्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. वरील उदाहरणातील खोलीला टंगस्टन दिव्यांची सु. १,९०० वॉट शक्ती लागली असती. प्रतिवॉट १०० ल्यूमेन देणाऱ्या एलईडी दिव्यांनी २२५ वॉटमध्ये ते काम होते. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेखाली ३६ कोटींहून अधिक एलईडी दिव्यांचे वाटप झाले.

आधुनिक प्रश्न : प्रकाश स्वस्त झाल्याने तो नको तेथे व नको तेवढा वापरला जाण्याचा धोका वाढला आहे. रात्रीचे आकाश उजळल्याने खगोलीय निरीक्षणांत अडथळा येतो व निशाचर प्राण्यांच्या जीवनक्रमावर परिणाम होतो. दृष्टिपटलातील काही गुच्छिका कोशिका स्वतःच प्रकाशसंवेदी असतात, असे २००२ मध्ये सस्तन प्राण्यांवरील संशोधनात आढळले. त्या निद्रा-जागृतीच्या दैनिक चक्राचे नियमन करण्यात भाग घेतात व सु. ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशास विशेष प्रतिसाद देतात. १९२४ च्या संवेदनशीलता-वक्रात हा परिणाम अंतर्भूत नाही. म्हणून प्रदीपन आयोगाने २०१८ मध्ये त्याच्या मापनासाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. लक्सची संख्या दृष्टीच्या कामासाठी उपयुक्त असली, तरी प्रकाशाचा शरीरावर होणारा सर्व परिणाम ती व्यक्त करीत नाही. त्यामुळे प्रकाश किती असावा, याबरोबरच तो कोणत्या तरंगलांबीचा असावा आणि दिवसाच्या कोणत्या वेळी असावा, हे ठरविणेही प्रदीपन अभियंत्याच्या कार्यक्षेत्रात आले आहे.