‘आफ्टर बर्नर’: खुर्ची काढून घेतली तरी

सेगाच्या १९८७ सालच्या ‘आफ्टर बर्नर’ या आर्केड गेमचा विषय निघाला, की जाणकार एकच निकाल देतात: जादू सगळी त्या डुलणाऱ्या कॉकपिटची, खुर्ची काढून घ्या, मागे नुसतं बटण दाबून धरणं उरतं. हे मला साफ अमान्य आहे.

आधी पूर्वपक्ष नीट ऐकू. पडदा धुराने, स्फोटांनी, विमानांनी इतका भरतो, की आपण कशाने पडलो तेच कळत नाही. मग कौशल्याला वाव कुठे? शिवाय पहिल्या आवृत्तीत वेगावर खेळणाऱ्याचा ताबा नव्हता. हा दुसरा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याच वर्षी आलेल्या ‘आफ्टर बर्नर २’मध्ये थ्रॉटल आला, आणि टीकाकार नेमकी तीच आवृत्ती विसरतात.

प्रत्यक्षात काय घडतं? विमान सरळ उडवत राहिलात, तर धुराची शेपटी ओढत येणारं क्षेपणास्त्र गाठतंच. म्हणून सतत वळत राहायचं. अगदीच अंगावर आलं, की स्टिक एका कडेला नेऊन झटक्यात उलट फेकायची. विमान गिरकी घेतं, क्षितिज गरकन फिरतं, आणि तेवढ्यातही निशाणा शत्रूवरून नेऊन लॉक मिळवायचा असतो. क्षेपणास्त्रं मोजकीच, पुढचा साठा मिळेपर्यंत ती पुरवायची. बटण दाबून धरणारा थोड्याच वेळात नुसत्या तोफेवर येतो.

खुर्चीचंही काम शोभेचं नव्हतं. खेळाचे रचनाकार यू सुझुकी यांच्या चमूकडे त्रिमितीय आकृत्या नव्हत्या. सपाट चित्रं झपाट्याने मोठी करत नेऊन त्यांनी खोलीचा भास उभा केला होता. अशा पडद्यावर आपण किती कललो आहोत हे डोळ्यांआधी अंगाला कळावं, म्हणून कॉकपिट स्टिकबरोबर झुकायचं.

आणि खुर्चीविना हा खेळ टिकतो का, याची परीक्षा होऊन गेली आहे. एम२ कंपनीने २०१३ साली ‘आफ्टर बर्नर २’ निन्टेंडो ३डीएसच्या तळहाताएवढ्या पडद्यावर आणला. तिथे चष्म्याशिवाय खरी खोली दिसते. कोणतं क्षेपणास्त्र जवळ, कोणतं लांब, हे नजरेला उमगतं. खेळणारा पडतो तेव्हा कशाने पडला, हे त्याला दिसत असतं.