वीकेंड, होडी आणि पुळण : संशोधनाचा प्रश्न कसा घडतो?



पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो : "विषय मिळालाय, पण पुढे काय?" आज त्यावरच बोलूया. उदाहरण माझ्याच प्रबंधातलं घेतो, कारण त्यात मी चांगलाच तोंडावर आपटलो होतो.

माझा विषय फुरसतीच्या वेळेचा इतिहास. त्यातलं एक प्रकरण छोट्या शिडाच्या होड्यांवर आहे. शनिवारी चार-पाच होड्या एकत्र निघतात, किनाऱ्याकिनाऱ्याने जातात, रात्री पुळणीवर तंबू ठोकतात आणि रविवारी परततात. इंग्लंड-अमेरिकेत या छंदाला मोठी परंपरा आहे. आपल्याकडे कोकणचा सुमारे 720 किलोमीटरचा किनारा, शेकडो खाड्या, पिढ्यान्पिढ्या होडी चालवणारी माणसं. मग इथे काय झालं, हा माझा प्रश्न होता. आराखडा मांडताना एकाने विचारलं, "सोलापुरात बसून समुद्र कुठून आणणार?" सगळे हसले. मला उत्तर देता आलं नाही.

खरं तर उत्तर सोलापुरातच होतं, पण त्यासाठी आधी विषय फोडावा लागला. लक्षात ठेवा, विषय म्हणजे प्रश्न नव्हे. "हौशी नौकानयन" हा विषय झाला. त्यात तीन गोष्टी आहेत : होडी, किनारा आणि सुट्टी. तिन्हींचा इतिहास वेगवेगळा आहे. मी पहिल्या दोन धरून बसलो होतो आणि तिसरी निसटली होती.

सुट्टी आपोआप येत नाही. इंग्लंडमध्ये 1850 च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रियांचं आणि अल्पवयीन कामगारांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबवायला लावलं. पुढे शनिवारचा अर्धा दिवस हळूहळू इतरांनाही मिळत गेला. छंद वाढायला ही जागा लागते. 1865 मध्ये जॉन मॅकग्रेगर 'रॉब रॉय' नावाच्या छोट्या होडीतून युरोपातल्या नद्या फिरला, त्यावर त्याने पुस्तक लिहिलं आणि 1866 मध्ये लंडनजवळ कनू क्लब उभा राहिला. 1880 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लेक जॉर्जच्या काठी होडीवाले जमले आणि अमेरिकन कनू असोसिएशन स्थापन झाली. दरवर्षी होड्या घेऊन जमायचं, काठावर तंबूत राहायचं, ही रीत तिथे रुजली. पुढे 1955 मध्ये इंग्लंडमध्ये डिंगी क्रूझिंग असोसिएशन निघाली. फ्रँक डाय हा माणूस तर सुमारे सोळा फुटी उघड्या होडीतून 1963 मध्ये आइसलंडला आणि 1964 मध्ये नॉर्वेला गेला!

आता आपल्याकडे या. मुंबईत यॉट क्लब 1846 चा. 1876 मध्ये त्याला 'रॉयल' ही पदवी मिळाली. म्हणजे हौशी शिडांची संस्था मॅकग्रेगरच्या क्लबापेक्षाही वीस वर्षं जुनी. पण ब्रिटिश काळात तिचं सभासदत्व युरोपीय लोकांपुरतं होतं. होडी तीच, वारा तोच, पण त्यातल्या एकाच माणसाचा प्रवास 'खेळ' ठरायचा.

आणि सुट्टी? नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ज्या मागण्या मांडल्या, त्यात आठवड्याला एक सुट्टी ही मागणी होती. रविवारची सुट्टी मान्य झाली 10 जून 1890 ला. पुढच्याच वर्षी, 1891 च्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आता तारखा शेजारी शेजारी मांडा. सोलापूरची पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली 'जुनी गिरणी', 1877 ची. म्हणजे सोलापुरात भोंगा वाजायला लागला तेव्हा मुंबईच्या बंदरात हौशी शिडं फिरत होतीच. मात्र गिरणी कामगाराला हक्काचा रविवार मिळायला अजून तेरा-चौदा वर्षं होती. समुद्रावरच्या छंदाचा इतिहास सोलापूरच्या भोंग्याशी असा जोडलेला आहे. त्या दिवशी मला हे सांगता यायला हवं होतं.

आता दुसरी पायरी : साधनं. विद्यार्थी साधारणपणे मुंबईचं पुराभिलेखागार, जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं आणि कॅम्पबेलच्या काळातले गॅझेटियर इथून सुरुवात करतात. बरोबरच आहे. पण कुठलं साधन काय बोलतं आणि कुठे गप्प बसतं, ते बघा. शर्यतीची बातमी होडीचं नाव देते, मालकाचं नाव देते, बक्षीस सांगते. शीड ओढणारा खलाशी आणि खडक कुठे आहे ते ठाऊक असलेला तांडेल त्यात नावानिशी सापडणं कठीण. याउलट 1882 चा ठाण्याचा आणि 1883 चा कुलाब्याचा गॅझेटियर उघडा. तिथे होड्या भेटतात, पण व्यापार आणि मासेमारीच्या पानांवर. एकच माणूस एका कागदात नोकर असतो आणि दुसऱ्यात 'जात-व्यवसाय'. त्याला होडी चालवण्यात मजा येत होती का, हे विचारायला कुणी गेलंच नाही.

इथे मी दुसरी चूक केली. पहिल्या मसुद्यात बिनधास्त लिहिलं : "मराठी माणसाने हौसेखातर नौकानयन केले नाही." माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि एवढंच विचारलं, "तुला सापडलं नाही, की झालं नाही?" ही दोन वाक्यं वेगळी आहेत बरं का! पहिलं माझ्या शोधाबद्दल आहे, दुसरं जगाबद्दल. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारली की प्रबंध तिथेच पडतो.

शिवाय मी आजचा शब्द मागे नेत होतो. कोळी माणूस रात्री पुळणीवर होडी ओढून तिथेच झोपतो, चूल मांडतो, पहाटे निघतो. यात तंबू सोडला तर कॅम्पिंगचं सगळं आहे. पण ते 'कॅम्पिंग' नाही, कारण तिथे त्याच्यासाठी सुट्टी नाही. फरक क्रियेत नाही, वेळ कुणाच्या मालकीची आहे यात आहे. 1679 मध्ये खांदेरीला इंग्रजांची जहाजं वेढा घालून होती. तेव्हा मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून बेटावर रसद पोचवत होत्या. कौशल्याची कमतरता आपल्या किनाऱ्यावर कधीच नव्हती. कमतरता होती ती मोकळ्या वेळेची, आणि त्या कौशल्याला हौस म्हणून मान देण्याची.

तिसरी पायरी साधी आहे, पण फार कमी जण करतात : साधन निसर्गाशी ताडून बघा. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. पावसाळा संपल्यावर, साधारण ऑक्टोबर ते मे, कोकणात पहाटे जमिनीकडून मतलई वाहतो आणि दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. गेटवे ते मांडवा हा टप्पा घ्या. म्हणजे सकाळी एका वाऱ्यावर जाऊन दुसऱ्या वाऱ्यावर परतणं हे वेळापत्रक निसर्गच ठरवून देतो. आता समजा, तुम्हाला एखाद्या आठवणीत 'जुलैमधली शिडाच्या होडीची रम्य सहल' सापडली. लगेच टिपून घेऊ नका. नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालायची नाही, ही किनाऱ्यावरची जुनी रीत आहे. मग ती सहल खाडीतली होती, की लिहिणारा महिना चुकला? शंका घ्या आणि तपासा.

स्वातंत्र्यानंतरचा धागाही सोडू नका. एनसीसीच्या नौदल विभागात कॅडेट शिडाच्या आणि वल्ह्यांच्या व्हेलर होड्या घेऊन मोहिमेवर निघतात आणि मुक्काम करत पुढे जातात. होडी, पाणी, मुक्काम सगळं तेच, पण शिस्तीच्या चौकटीत. क्लबाच्या बाहेरच्या साध्या घरातल्या पोराला शीड हातात मिळायची ही एक वाट. तिला छंदाच्या इतिहासात धरायचं की लष्करी शिक्षणाच्या? मी दोन्हीकडे धरतोय, आणि का ते प्रबंधात सांगावं लागणार आहे.

शेवटी एक घरची गोष्ट. माझे आजोबा गिरणीत होते. तोंडी इतिहासाचा सराव म्हणून मी आजीला विचारलं, "आजोबा सुट्टीला काय करायचे गं?" ती म्हणाली, "झोपायचे. कधी हिप्परग्याच्या तळ्यावर जायचे मित्रांबरोबर." मी खूश! पाणी सापडलं, सुट्टी सापडली. मग तीच म्हणाली, "सुट्टी गिरणीला होती रे. मला कुठली? विड्या रविवारीही वळायच्याच की."

माझ्या आराखड्यात तोवर एकही बाई नव्हती. क्लबाने तांडेलाला वगळलं म्हणून मी पानभर लिहिलं होतं, आणि स्वतःच्या घरातला रविवार मोजताना आजीला वगळलं होतं. ते प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतलंय.

तर तुमच्यासाठी अभ्यास. आपला विषय एका कागदावर लिहा आणि तीन तुकड्यांत फोडा. प्रत्येक तुकड्यासमोर एक तारीख, एक साधन आणि त्या साधनात गप्प असलेला एक माणूस लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर आराखडा अजून जमा करू नका. आधी घरातल्या कुणाला तरी विचारा.