स्थिर विजेची कथा

संदेश वीज वाहून नेते; परंतु वीजच डळमळली तर संदेशाचें काय, हा प्रश्न फार जुना आहे. साध्या विद्युद्घटांत तांब्याच्या पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे जमून प्रवाह मंदावत असे. १८३६ सालीं लंडनच्या प्रो. डॅनियल यांनीं मोरचुदाचें द्रावण योजून हा दोष घालविला. सुमारें १.१ व्होल्टचा त्यांचा स्थिर घट तारायंत्राचा आधार ठरला.

१८५८ सालीं पुण्याहून यवतवरून दिक्साळपर्यंत आगगाडी सुरू झाली. पुढें १९२७ सालीं खडकीचें प्रेषक व दौंडचें ग्राहक केंद्र यांच्याद्वारें विलायतेशीं बिनतारी दळणवळण सुरू झालें. यवत या दोहोंच्या दरम्यान वसलेलें आहे.

आज तोच प्रश्न मुठा कालव्याच्या या परिसरांत, शेतावरील पंपाच्या पेटींत उभा आहे. मोबाइलवरून पंप चालविणाऱ्या पेटींतील दुसऱ्या पिढीचें संदेशयंत्र बोलूं लागलें, म्हणजे सेकंदांत सुमारें २१७ वेळां, दर वेळीं सेकंदाच्या सतराशेव्या भागापुरता, दोन अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतें. सरासरी मात्र अल्प असते. तेवढ्यावर विसंबून पुरवठा योजल्यास दाब क्षणभर कोसळतो, यंत्र बंद पडतें, आणि घरून पंप सुरू करूं पाहणाऱ्या शेतकऱ्यास मध्यरात्रीं अंधारांत मळ्याकडे जावें लागतें.

त्यावर उपाय म्हणजे पुरेसा जोमदार नियामक, आंखूड व जाड तारा, आणि यंत्रालगत मोठें धारित्र. धारित्र हा विजेचा हौदच होय. पाटाची धार बारीक असली, तरी भरलेला हौद क्षणाची मोठी मागणी भागवितो, व पुढील मागणीपूर्वीं पुन्हा भरतो. डॅनियल यांच्या घटास अखंड प्रवाह राखावयाचा होता. येथें क्षणाचा झटका सोसावयाचा आहे.